पालकाची सही

हॅरो क्रीक, नेब्रास्का
११ मार्च १९९४

जनेल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या त्या फोनवरचे निरोप नोंदवून घेणाऱ्या यंत्राशी बोलून बोलून माझा घसा सुकला. ते यंत्र तरी माझ्याशी नीट बोलतं.

कॉरीच्या नावाने तू पाठवलेलं जाडजूड पाकीट मिळालं. चुकून उघडलं. पोस्टातली पेटी माझ्या नावावर, तिची किल्ली माझ्या गळ्यात, मग पेटीत पडलेलं सगळं आधी माझ्या हाताखालून जाणारच. इतकी वर्षं मिनिआपोलिसला राहून तुला वाटत असेल की जगात सगळीकडे दारात टपाल येतं. आमच्याकडे अजून पोस्टात जावं लागतं, आणि तिथे जाते मी.

पत्र चांगलं लिहिलंयस, हुशार तर तू होतीसच. पण आठवीतल्या पोरीला चार वर्षांचा आराखडा? कुठल्या वर्षी कुठलं गणित, कुठली भाषा, कुठल्या तासाला काय! मी तेरा वर्षांची होते तेव्हा कोंबड्यांची पिसं उपटत होते, आणि बघ, काही बिघडलं नाही माझं.

काल शाळेच्या जेवणघरात पालकांची सभा झाली. वाटीभर राजम्याची चिली आणि दालचिनीचा गोड रोल, नेहमीसारखं. ड्वोरॅक सर आठवतात? तुझ्या वेळी कुस्ती शिकवायचे. आता गुडघे गेले म्हणून त्यांना सल्लागार केलंय. मुलांनी आयुष्यात काय करायचं ते आता ते सांगतात. प्रत्येक टेबलाशी येऊन विचारत होते. आमच्याकडे आले आणि म्हणाले, "काय मग कॉरी, काय व्हायचंय?"

तुझी बहीण म्हणाली, "हवामान शिकायचंय मला. विद्यापीठात."

मी म्हटलं, "त्याला विद्यापीठ कशाला हवं बाई? खिडकी उघड की!" सगळं टेबल हसलं. क्रोगरबाई तर इतक्या हसल्या की त्यांच्या नाकातून कॉफी आली. कॉरी हसली नाही. तिने अर्धा रोल ताटात ठेवला आणि सरांना विचारलं, गणित दरवर्षी घ्यावं लागेल का. तिला चेष्टा कळत नाही. ते तिने तुझ्याकडून उचललंय.

मग सरांनी समजावलं. शाळेचा दाखला मिळणं वेगळं आणि विद्यापीठाने आत घेणं वेगळं. शाळा थोड्याशा गणितावर पास करते आणि परकी भाषा तर मागतच नाही. विद्यापीठाला मात्र चारही वर्षं गणित हवं आणि एकच परकी भाषा सलग दोन वर्षं. एवढं नसेल तर पहिल्या नंबराने पास झालात तरी दार बंद. कितीतरी पालकांना हे शेवटच्या वर्षी कळतं, असंही म्हणाले. मी सगळं नीट ऐकून घेतलं.

आराखड्याच्या खाली दोन रेघा असतात. एक विद्यार्थ्याची, एक पालकाची. मी सरांना विचारलं, दोघांचं जुळलं नाही तर? ते हसून म्हणाले, "विद्यार्थ्याची सही आपली असावी म्हणून असते, वर्ला. चालते ती पालकाची."

तुझं पत्र कॉरीला दिलं नाही. लहान आहे, उगाच घाबरेल. मी तिला तोंडी सांगेन.

आणि बापाच्या अंत्यविधीचं पुन्हा उकरून काढू नकोस. तुला दिवस उलटल्यावर कळलं याला मी काय करू? टपालाचा काही भरवसा नसतो, हे मी तुला तेव्हाही लिहिलं होतं.

आई

*

२० फेब्रुवारी १९९६

जनेल,

तुझी बहीण दहावीत आहे, अजून सगळ्यांच्या पुढे आहे. स्पॅनिशच्या बाई रस्त्यात थांबवून सांगतात, असा कान असलेली मुलगी त्यांनी पाहिली नाही. घरात भांडी घासताना स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटते. मला वाटतं शिव्याच देत असेल.

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं. कॉरीच्याच नावाने होतं. तू लिहितेस, आपल्या एवढ्याशा शाळेत वरच्या वर्गाचा प्रत्येक विषय दिवसातून एकदाच असतो. दुसऱ्या वर्षाचं स्पॅनिश सहाव्या तासाला आणि मोठं गणित सातव्याला. ते हुकले की हुकलेच. म्हणून काहीही झालं तरी दुपार मोकळी ठेव, दुपारी दुसरं काही घेऊ नकोस. तुझ्या वेळी तू गाण्याच्या वर्गापायी कशी अडकली होतीस तेही लिहिलंयस.

खरं सांगू? तू लिहिलं नसतंस तर मला कळलंच नसतं. तासांचं कोण बघतं? मी आपली गाण्याच्या वर्गाला नाही म्हणायचा विचार करत होते; दुपारचं तूच दाखवलंस.

वीस मैलांवर मेरिडनला ब्युटीशियनचा वर्ग निघालाय, शाळेतर्फेच. दुपारचं जेवण झालं की बस मुलींना घेऊन जाते. दोन वर्षांत परवाना हातात. शाळाही सुटत नाही, दाखला इतर मुलांसारखाच मिळतो. आणि माझी मनगटं कशी आहेत ते तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. रात्री मुंग्या येतात आणि सकाळी कात्री धरवत नाही. परवा ड्वोरॅकबाईंचा पर्म करताना हातातून रॉड खाली पडत होते आणि त्या बिचाऱ्या आरशात दुसरीकडे बघत होत्या. हे पार्लर मी एकटीने उभं केलंय. पुढे कोण बघणार? तू?

कॉरी अर्ज घेऊन पार्लरमध्ये आली. ड्वोरॅकबाई ड्रायरच्या टोपड्याखाली होत्या. तुला माहीतच आहे, बाईला टोपड्याखाली बसवलं की तिच्यादेखत काहीही बोलावं, तिला फक्त घोंघों ऐकू येतं.

कॉरी म्हणाली, "आई, मेरिडनच्या बसमुळे स्पॅनिश बुडतंय."

"मग पुढच्या वर्षी घे."

"पुढच्या वर्षीही ते सहाव्यालाच असणार. आणि गणितही जातंय. मला गणित लागणारच आहे."

"आधी हाताला काम शीक. मग बस ढग मोजत."

"नाही," म्हणाली. नाही! माझ्या पार्लरमध्ये उभं राहून. मग मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचं पत्र आलंय. जनेलनेच लिहिलंय, ब्युटीचा वर्ग घे म्हणून. विद्यापीठ असल्या अटी नंतर सोडून देतं म्हणाली. आणि हेही लिहिलंय की सारखी पत्रं पाठवू नकोस, तिला तिचा संसार आहे."

तुझं नाव घेतल्यावर पोरगी गप्प झाली. तुझ्यावर अजून इतका विश्वास आहे तिचा! मला तर हेवाच वाटला. तिने रेघेवर सही केली, मी माझ्या रेघेवर केली, आणि मग तिने ड्वोरॅकबाईंचं टोपडं वर केलं, कारण त्या भाजायला लागल्या होत्या.

आता तू चिडशील. चीड. चिडलीस तरी सही माझीच लागते.

आई

*

३० जून १९९६

जनेल,

तू शाळेत फोन केला होतास म्हणे. ड्वोरॅक सरांनी सांगितलं मला, अवघडून गेले होते बिचारे. "बहिणीचं म्हणणं मला पटतं हो वर्ला, पण बहिणीची सही चालत नाही," म्हणाले. मी त्यांच्या मानेवरचे केस फुकट कापून दिले.

आणि मग तू स्वतः आलीस. एवढ्या लांबून गाडी हाकत, न जेवता. पण येणार हे आधी कळवून का आलीस? तुझं कार्ड मंगळवारी पेटीत पडलं आणि बुधवारी मी कॉरीला चर्चच्या उन्हाळी छावणीवर पाठवून दिलं. तू दारात उभी राहून माझ्या खांद्यावरून आत बघत होतीस, तेव्हा ती तळ्याकाठी भजनं म्हणत होती. मी खोटं बोलले नाही. नाही म्हटलं, ती खरंच नव्हती. केस मात्र वाईट कापलेत तुझे. तिकडे कोण कापतं? मी बसवून नीट करून दिले असते, तू थांबली असतीस तर.

ती परत आल्यावर मी म्हटलं, जनेल या बाजूला आली होती, पण थांबायला वेळ नव्हता तिला. कॉरी म्हणाली, "बरं." एवढंच. हल्ली सगळ्याला "बरं" म्हणते.

काल वादळाचा भोंगा वाजला. मी तळघरात उतरले, कठड्याला दोन्ही हातांनी धरून धरून. रेडिओ लावला, पाण्याची बाटली घेतली, दोन खुर्च्या मांडल्या. ही बया वर व्हरांड्यात उभी! मी खालून ओरडतेय, "कॉरी! खाली ये, मरशील!" आणि ती वरून मला सांगतेय, ढगाची सोंड कुठल्या दिशेला वळतेय, आपल्यावर येणार नाही, उत्तरेला जाईल. आवाज असा, की जणू रेडिओवर बोलतेय. गेलीही उत्तरेला. श्लीकरांचं धान्याचं कोठार उडालं.

मी वर येऊन तिच्या थोबाडीत मारली. घाबरले होते मी, जनेल. हेही लिहून ठेवते, कारण तुला वाटतं मला दगडाचं काळीज आहे. तिला काही झालं तर मी या घरात एकटी काय करू? गालावर माझी बोटं उठली तरी ती आकाशाकडेच बघत होती.

आई

*

९ डिसेंबर १९९७

जनेल,

विद्यापीठाचं उत्तर आलं. हे मात्र चुकून उघडलं नाही. तसंच बंद पाकीट मी पार्लरमध्ये नेलं, क्रोगरबाई होत्या, त्यांची सून होती, ड्वोरॅकबाई होत्या. कॉरीचे हात रंगात होते. मी म्हटलं, "थांब, मी फोडून धरते, तू मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे आपल्या हवामानखात्याचा निकाल."

वाचलं तिने. तिचा आवाज हलला नाही. आपल्या गुणांबद्दल अभिनंदन, परंतु परकी भाषा एकच वर्ष, गणित दोन वर्षांचं कमी, सबब प्रवेशास अपात्र. "सबब" वाचताना जरा थांबली. मग पत्र घडी करून एप्रनच्या खिशात घातलं आणि क्रोगरबाईंच्या सुनेच्या डोक्यावर उरलेला रंग लावून टाकला. एक पट्टा वाकडा गेला नाही. हात आहे पोरीचा, माझ्यापेक्षा चांगला.

क्रोगरबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं बाळा, इथे तुझं काय वाईट आहे? वर्लाला तुझ्याशिवाय आहे कोण?" मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी ती ड्वोरॅक सरांकडे गेली. त्यांनी चारही वर्षांचे अर्ज काढून दाखवले. ते म्हणाले म्हणे, "मला वाटलं होतं तुझ्या घरी हे बोलणं झालंय." घरी आली, कोट काढला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुझी सही सुंदर आहे, आई. सगळ्या वर्षी अगदी एकसारखी."

मला बरं वाटलं ऐकून. मनगटं अशी झालीत तरी सही ठीक येते अजून.

मागच्या पत्रात तू मला जे म्हटलंयस ते मी मोठ्याने वाचू शकले नाही. तुझा बाप कधी मला तसं म्हणाला नाही, आणि त्याच्याकडे तुझ्याहून जास्त कारणं होती. मी पोरीला काय विहिरीत ढकललं? उन्हाळ्यात तिच्या हातात परवाना येईल, डोक्यावर छप्पर आहे, आई आहे. तुझ्याकडे यातलं काय आहे?

आई

*

१८ मे १९९८

जनेल,

म्हणजे तू माझी पत्रं तिला पाठवलीस. सगळी.

ती अठरा वर्षांची झाली त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्वतःच्या नावाची पेटी घेऊन आली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी समजले, पोरीला किल्लीची हौस. तू कुठून तरी तो नंबर मिळवलास. आईने विश्वासाने लिहिलेली पत्रं अशी दुसऱ्याला देतात का? तीही जपून ठेवलेली, तारखेप्रमाणे लावलेली? तुला लाज कशी नाही वाटली?

मला वाटलं आता घरात आकांत होणार. मी तयारीत होते. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तिने पत्रं वाचली, दुसऱ्या दिवशी शनिवार होता, ती वेळेवर पार्लर उघडायला गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "जनेल मला मिनिआपोलिसला बोलावतेय. तिच्याकडे राहा, तिथल्या छोट्या कॉलेजात राहिलेलं गणित आणि भाषा पुरी कर, मग विद्यापीठात जा, म्हणतेय."

मी विचारलं, "मग?"

"नाही म्हणून लिहिलंय. मी इथेच राहणार तुझ्याजवळ. अजून तुझ्याकडून शिकायचंय मला."

ऐकलंस ना? राहणार म्हणाली. तू एवढी पत्रं लिहिलीस, फोन केलेस, गाडी हाकत आलीस, आईला आईच्याच लेकीसमोर उघडं पाडलंस, आणि तरी ती माझ्याजवळ राहिली. हरलीस, जनेल.

काल शाळेचा समारंभ झाला. चांगल्या गुणांची मानाची सोनेरी दोरी घातली होती तिने गळ्यात. नंतर आपल्या गॅरेजमध्ये जेवण, सगळं गाव आलं होतं. हॅमचे सँडविच, पेपरमिंटच्या गोळ्या, शाळेच्या रंगाचा केक. फळ्यावर तिचे लहानपणापासूनचे फोटो मी लावले होते. एका फोटोत तू होतीस, तिला कडेवर घेतलेली. तिथे मी फूल चिकटवलं.

जो तो विचारत होता, "आता पुढे काय, कॉरी?"

ती प्रत्येकाला केक देत सांगत होती, "आईच्या हाताखाली शिकणार. आई फार चांगलं शिकवते."

ड्वोरॅक सर एका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी केक घेतला नाही.

आई

*

३ ऑक्टोबर १९९९

जनेल

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लागेल तसं लावून घे.

जूनमध्ये पडले. भोंगा वाजला, मी तळघराकडे निघाले. हातात जोर नाही, कठडा सुटला. खालच्या पायरीपर्यंत गेले. कंबरेचं हाड मोडलं आणि उजवं मनगट. कॉरी वर व्हरांड्यात होती. मी हाका मारल्या. ती म्हणते भोंगा वाजत होता, ऐकू आलं नाही. भोंगा केव्हाच थांबला होता, जनेल. वर तिच्या चपलांचा आवाज मला येत होता. इकडून तिकडे. ढग गेल्यावर ती खाली आली. "लागलं का?" म्हणाली.

ती मला मारत वगैरे नाही. तसं समजू नकोस. न्हाऊ घालते, जेवू घालते, दर शनिवारी केस सेट करते. गावात सगळे म्हणतात अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. पार्लर छान चाललंय. संध्याकाळी मेरिडनला जाते, स्पॅनिशचं दुसरं वर्ष झालं तिचं, गणित चालू आहे. वर्गाच्या आधी मला खुर्चीत बसवते आणि खुर्ची भिंतीकडे वळवते. म्हणते खिडकीतून वारा येतो.

गेल्या शनिवारी मला ड्रायरखाली बसवलं. मांडीवर एक कागद ठेवला. शाळेतल्यासारखाच आखलेला. तिने स्वतः बनवलाय, वर लिहिलंय चार वर्षांचा आराखडा, आणि विद्यार्थी म्हणून माझं नाव. पहिलं वर्ष, पार्लर आणि घर कॉरीच्या नावावर. दुसरं वर्ष, घर विकणे, विद्यार्थिनीची मेरिडनच्या वृद्धाश्रमात सोय. ऐच्छिक विषय, खिडकीजवळची खाट किंवा रेडिओ, दोन्हीपैकी एक. तिसरं वर्ष, कॉरी विद्यापीठात. चौथ्या वर्षापुढे लिहिलंय, अंत्यविधी, जनेलला दिवस उलटल्यावर कळवणे.

ती काहीतरी बोलत होती. ओठ हलताना आरशात दिसत होते. मला घोंघों ऐकू येत होतं फक्त. मी हातानेच खूण केली, टोपडं वर कर. तिने हसून मान हलवली आणि पेन माझ्या डाव्या हातात दिलं.

मी केली नाही सही. पेन टाकून दिलं. तिने उचललं, पुसलं आणि म्हणाली, हे मला ऐकू आलं कारण तिने तेवढ्यापुरतं टोपडं उचललं, "असू दे. विद्यार्थ्याची सही आपली असावी म्हणून असते." आणि पालकाच्या रेघेवर स्वतःची सही केली. पडल्यावर दवाखान्यात तिने माझ्याकडून अधिकारपत्र करून घेतलंय. माझ्या वतीने तिची सही चालते.

मला भीती वाटते. मला तिची भीती वाटते, जनेल. तुझ्याशी मी कशी वागले ते तू आठवत बसू नकोस, ये. घर जायच्या आत ये. शाळेला फोन केलास तसा कोणाला तरी कर. आणि येणार असलीस तर आधी कळवू नकोस.

क्रोगरबाईंच्या हातात देते हे. त्या टाकतील पोस्टात.

आई

*

२८ ऑगस्ट २०००

जनेल,

सोबत आईचं पत्र आहे, मागच्या ऑक्टोबरमधलं. क्रोगरबाई माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. पाकिटावरचा पत्ता वाचता येण्यासारखा नव्हता, त्यांना वाटलं मी नीट लिहून टाकीन. चुकून उघडलं. मग घराचं काम पुरं होईपर्यंत राहून गेलं. टपालाचा काही भरवसा नसतो.

घर जुलैत गेलं. श्लीकरांच्या मुलाने घेतलं. पार्लर क्रोगरबाईंची सून चालवते आहे, ती पर्म घट्ट करते पण शिकेल. आईला मेरिडनला ठेवलंय. मी तिला विचारलं होतं, खिडकी की रेडिओ. ती काही बोलली नाही, म्हणून मी रेडिओ घेतला. तिथे तळघर नाही. भोंगा वाजला की सगळ्यांना खुर्च्यांसकट मधल्या वाटेत आणून बसवतात, एकमेकांकडे तोंड करून. पडायची भीती नाही.

जायचं नाही म्हणाली. रडली, कपाट धरून बसली. मी म्हटलं, "जनेलचं पत्र आलंय. जनेलनेच लिहिलंय, घर वीक आणि तिला तिथे ठेव म्हणून. सारखी पत्रं पाठवू नकोस म्हणाली, तिला तिचा संसार आहे." तुझं नाव घेतल्यावर ती गप्प झाली. कपाट सोडलं. तुझ्यावर तिचा इतका विश्वास आहे हे मला माहीत नव्हतं.

तू मला तिची पत्रं पाठवलीस ते बरं केलंस. माझ्याकडे दुसरं पाठ्यपुस्तक नव्हतं. तू वाईट वाटून घेशील, मला माहीत आहे. तू चांगली आहेस, जनेल. पण तू छावणी संपेपर्यंत थांबली नाहीस, त्याच संध्याकाळी परत गेलीस. ते मी तेव्हाही मोजलं होतं, आणि आताही मोजते.

विद्यापीठाने घेतलं मला. सोमवारी पहिला तास. वसतिगृहातल्या पोरी माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान आहेत आणि मला मावशी म्हणतात. मी त्यांचे केस कापून देते. खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, ढग लांबूनच दिसतात.

रविवारी आईला भेटून येते. केस सेट करते. ती दर वेळी विचारते, जनेलचं काही आलं का. मी नाही म्हणते.

तुला तिला काही लिहायचं असेल तर वृद्धाश्रमाच्या पत्त्यावर पाठवू नकोस, तिथे पत्रं हरवतात. माझ्या नावाने इथे पाठव. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, मीच वाचून दाखवते. काय वाचायचं ते मी बघेन.

कॉरी